आधी चिप, मग लस

आम्ही पुण्याहून म्युनिकला बंड्यासकट आलो हे कळल्यापासून ओळखीचे आणि अर्धवट ओळखीचे लोक फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुत्र्याचं तिकीट किती पडलं?" तिकिटाचं शेवटी बघता येतं, आणि त्यात डोकंही फारसं लागत नाही. मी उलट विचारते, "चिप कधी बसवली आणि रेबीजची लस कधी दिली?" त्यावर बहुतेकदा पलीकडून "थांब, लसीचं पुस्तक बघून सांगतो," असं उत्तर येतं. मग दुसरा फोन येतो तो पडलेल्या आवाजात.

म्हणून एकदाच नीट लिहून काढते. मी भारतातून युरोपीय संघातल्या देशात कुत्रा नेण्याबद्दल सांगणार आहे, कारण तो रस्ता मी चालले आहे. मांजरांनाही हेच नियम लागू आहेत. बाकी देशांबद्दल शेवटी थोडं सांगेन.

या सगळ्या कटकटीच्या मुळाशी एकच रोग आहे, रेबीज. जगात रेबीजने होणाऱ्या माणसांच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश भारतात होतात, आणि ते जवळजवळ सगळे कुत्र्याच्या चाव्याने. पश्चिम युरोपात हा रोग कुत्र्यांतून कधीच हद्दपार झालाय. त्यामुळे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला बंड्या गोड आहे की खोडकर, याच्याशी देणंघेणं नसतं. हा प्राणी अंगात रेबीज घेऊन आलेला नाही ना, एवढंच त्याला हवं असतं. आणि ते नुसतं बघून कळत नाही. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. तोवर कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो.

ब्रिटनने यावर जुन्या काळी सरळ उपाय काढला होता: बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा सहा महिने सरकारमान्य पिंजऱ्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ शतकभर हे चाललं. मालक रविवारी भेटायला जायचे, जाळीतून हात घालायचे. २००० साली ब्रिटनने काही देशांतल्या प्राण्यांसाठी वेगळी वाट काढली: चिप, लस आणि रक्ताची तपासणी असेल तर पिंजरा नको. आज युरोपीय संघ आपल्याकडून जे मागतो, ते त्याच विचारातून आलंय. आपला कुत्रा थांबण्याचा काळ परक्या पिंजऱ्यात काढण्याऐवजी आपल्याच सोफ्यावर काढतो. मला तरी हा सौदा स्वस्त वाटतो. हे एकदा लक्षात आलं की नियमांची यादी पाठ करावी लागत नाही, प्रत्येक नियम कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

पहिली पायरी चिप. भाताच्या दाण्याएवढी काचेची नळी, जाड सुईने मानेजवळ कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते, आणि ती कुत्रा कुठे आहे हेही सांगत नाही. हा गैरसमज फार आहे. माझ्या सासूबाई अजून म्हणतात, "हरवला तर मोबाइलवर दिसेल ना?" नाही दिसणार. स्कॅनर जवळ आणला तरच चिप जागी होते आणि आपला १५ आकडी क्रमांक सांगते, बस. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची असावी लागते, नाहीतर तिकडच्या स्कॅनरला ती वाचता येणार नाही. बसवण्याआधी पाकिटावर हे आकडे बघून घ्या आणि बसवल्यावर लगेच स्कॅन करायला सांगा. आमच्या डॉक्टरांनी स्कॅनर बंड्याच्या मानेवरून फिरवला, 'पिप' वाजलं, पडद्यावर क्रमांक आला. पाकिटात त्याच क्रमांकाचे चिकटवायचे छोटे स्टिकर असतात. एक लसीच्या पुस्तकात लावला, एक फाइलमध्ये आणि एक मी फ्रीजवर लावला.

पण हा सगळा आनंद उशिराचा होता.

घोळ असा झाला. बंड्याची वार्षिक रेबीजची लस १० जानेवारीला झाली होती. नवऱ्याची म्युनिकची नोकरी पक्की झाली जानेवारीच्या शेवटी. २ फेब्रुवारीला आम्ही एका दवाखान्यात जाऊन चिप बसवून घेतली. तिथे कोणी काही बोललं नाही. आम्ही खूश, लस ताजी, चिपही झाली. चार दिवसांनी कागदपत्रं बघणाऱ्या एका बाईंनी पुस्तकाची दोन पानं शेजारी शेजारी धरली आणि म्हणाल्या, "ही लस युरोपवाल्यांच्या लेखी झालेलीच नाही."

कारण साधं आहे. १० जानेवारीला ज्या कुत्र्याला लस दिली, तो हाच कुत्रा हे सिद्ध कसं करणार? पुस्तकात लिहिलंय 'बंड्या, तपकिरी, नर'. तपकिरी नर कुत्रे एकट्या सिंहगड रोडवर शेकड्यांनी असतील. कागदाला कुत्रा ओळखता येत नाही, त्याला फक्त क्रमांक ओळखता येतो. क्रमांक जन्माला येण्याआधीची लस म्हणजे कुणातरी अनामिक कुत्र्याची लस. चिप लसीच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी हवी, आणि त्याच दिवशी करायची असेल तर आधी चिप, मग लस. ६ फेब्रुवारीला बंड्याला पुन्हा लस दिली आणि आमचं घड्याळ शून्यापासून सुरू झालं.

तुम्ही जायचा नुसता विचार करत असाल, अजून काही ठरलं नसेल, तरी पुढच्या लसीच्या दिवशी चिप बसवून टाका. नाही गेलात तरी काही बिघडत नाही. गेलात तर काही महिने वाचतात.

पिल्लू असेल तर लसीच्या वेळी ते किमान १२ आठवड्यांचं हवं. याचा हिशेब पुढे नेला तर कळतं की भारतातून युरोपात साधारण सात महिन्यांच्या आतलं पिल्लू नियमाप्रमाणे जाऊच शकत नाही. 'लहानपणीच नेलं तर सोपं पडेल' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

दुसरी पायरी रक्त. ज्या देशांतून येणारे प्राणी युरोपीय संघाला कमी धोक्याचे वाटतात, त्यांची यादी आहे. अमेरिका, जपान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती त्यात आहेत, भारत नाही. म्हणजे दुबईत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या मांजरीला ही पायरी लागली नाही, पण बंड्याला लागली. यादीबाहेरच्या देशातल्या प्राण्याचं रक्त तपासून लस खरंच लागू पडली का, हे दाखवावं लागतं. नुसता लसीचा शिक्का पुरत नाही. लस फ्रीजबाहेर राहिलेली असू शकते, कुत्र्याच्या शरीराने तिला दाद दिलेली नसू शकते.

रक्त लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी काढायचं. आम्ही १० मार्चला काढलं. बंड्याच्या पुढच्या पायावरचे केस मशीनने चौकोनी कापले, मी त्याचं डोकं कवेत धरून उगाच पाढे म्हणत होते आणि तो माझ्याकडे अत्यंत तुच्छतेने बघत होता. नळीतलं रक्त गोठलं की यंत्रात गरगर फिरवतात. खाली लाल राहतं, वर फिकट पिवळं पाणी येतं, ते सीरम. ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातं. प्रयोगशाळा युरोपीय संघाने मान्यता दिलेलीच हवी. या प्रयोगशाळांची परीक्षा फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातली संस्था घेते. नळीच्या सोबतच्या फॉर्मवर चिपचा क्रमांक लिहिलेला असतो. तो मी तीनदा ताडून पाहिला, कारण १५ आकड्यांत एक आकडा इकडचा तिकडे झाला की अहवाल पुन्हा त्या अनामिक कुत्र्याचा.

प्रयोगशाळेत काय होतं ते मला फार आवडलं, म्हणून थोडं सांगते. सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत नेतात. प्रत्येक टप्प्यात ठरावीक मात्रेचा जिवंत रेबीज विषाणू मिसळतात आणि मग त्यात विषाणूला आवडणाऱ्या पेशी सोडतात. दोन दिवस तसंच उबेत ठेवतात. नंतर एक चमकणारा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. विषाणू जिंकला असेल तर पेशी हिरव्या चमकतात. सीरममधल्या प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) त्याला आधीच अडवलं असेल तर अंधार. किती पातळ केल्यावरही अंधार टिकला, त्यावरून आकडा काढतात. तो प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवा. आयुष्यात पहिल्यांदाच एकुलती एक लस घेतलेले तरुण कुत्रे यात कधीकधी नापास होतात, म्हणून काही डॉक्टर रक्त काढण्याआधी दोन डोस देतात. बंड्याला वर्षानुवर्षं लस मिळालेली, त्यामुळे तो आरामात पास झाला. घरात दहावीचा निकाल लागल्यासारखे पेढे वाटले गेले.

आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. निकाल हातात आला म्हणजे निघायला मोकळे, असं वाटतं. तसं नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं असतं. निकालाच्या तारखेपासून नव्हे, रक्त काढल्याच्या.

पास झाल्यावरही थांबायचं कशाला? समजा, जानेवारीत कुत्र्याला रस्त्यावर पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि कुणाला पत्ताच लागला नाही. फेब्रुवारीत लस दिली, मार्चमध्ये रक्तात भरपूर प्रतिपिंडं दिसली. ती लसीने तयार झालेली आहेत. पण जानेवारीतला विषाणू तोवर नसांमध्ये लपून मेंदूकडे निघालेलाच असू शकतो. रक्त सांगतं की इथून पुढे संरक्षण आहे, आधी काही घडलं नव्हतं असं ते सांगत नाही. ते फक्त वेळच सांगू शकतो. रोग असेल तर या तीन महिन्यांत तो बहुधा बाहेर पडेल. ब्रिटनच्या त्या सहा महिन्यांच्या पिंजऱ्याचं आजचं रूप म्हणजे हेच तीन महिने. म्हणून ते कमी करून घेण्यासाठी कुणालाही फोन लावून उपयोग नाही.

म्हणजे आमचं गणित: लस ६ फेब्रुवारी, रक्त १० मार्च, प्रवास १० जूनच्या आधी अशक्य. चिप वेळेत असती तर १० मेच्या सुमारास निघता आलं असतं. नवऱ्याला १ जूनला हजर व्हायचं होतं. तो एकटा पुढे गेला.

त्यातून आणखी एक पेच निघाला. खाजगी पाळीव प्राणी म्हणून नेताना मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ते ओलांडलं तर प्राणी व्यापारी माल धरला जातो, आणि त्याचे नियम वेगळे, खर्चही वेगळा. म्हणून सगळी कागदपत्रं माझ्या नावावर करून घेतली, कारण बंड्यासोबत जाणार मी. ज्यांच्या घरातला एक माणूस आधी जाणार आहे, त्यांनी मालक म्हणून कुणाचं नाव लागतंय हे रक्ताच्या फॉर्मपासूनच ठरवावं.

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यांसाठी एक बारीक गोष्ट. बंड्या आम्हाला अर्धवट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात सापडला. त्याची जन्मतारीख कुणाला माहीत? डॉक्टरांनी दात बघून अंदाजे तारीख लिहिली. ती अंदाजे आहे याला हरकत नाही, पण एकदा लिहिली की सगळ्या कागदांवर तीच हवी. नाव, रंग, तारीख, चिप, सगळं शब्दाला शब्द. जात 'मिश्र' लिहिली. आपले गावठी कुत्रे इथे सुखाने चालतात. उलट जर्मनीत पिट बुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरिअर, स्टॅफर्डशर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर आणायला बंदी आहे, त्यांच्या संकरितांनाही. हौसेने महागाचा कुत्रा घेणाऱ्यांनी हे आधीच बघावं.

तिसरी पायरी सरकारी दाखला. खाजगी डॉक्टरांनी 'प्रकृती उत्तम' लिहून दिलेलं पुरत नाही, सरकारी पशुवैद्यकाची सही लागते. भारतात हे काम केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याच्या प्राणी क्वारंटीन कार्यालयांकडे आहे. ती मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत. पुण्याला नाही, त्यामुळे मुंबईची एक वारी आलीच. प्राणी सोबत न्यायचा, लसीचं पुस्तक, डॉक्टरांचा तपासणीचा कागद, रक्ताचा अहवाल, पासपोर्ट, तिकीट, सगळ्याच्या प्रती. युरोपीय संघाचा ठरलेला नमुना आहे, आमचा इंग्रजी आणि जर्मनमध्ये होता. त्यावरची सही छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगात हवी. मी निळं पेन पर्समध्ये घेऊन गेले होते. गरज पडली नाही, पण धीर होता.

हा दाखला दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोहोचायचं असतं. म्हणजे फार लवकरही काढता येत नाही. आम्ही १२ जूनला काढला, १८ ला निघालो. विमान रद्द झालं तर चार दिवसांची जागा हाताशी होती. एकदा आत शिरलात की त्याच कागदावर पुढचे काही महिने युरोपीय संघातल्या इतर देशांत फिरता येतं. मात्र आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेला जाणार असाल तर कुत्र्याला फीतकृमीचं औषध पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते डॉक्टरांनी वेळेसकट लिहून द्यावं लागतं. औषध एक दिवस आधी दिलं, हरकत नाही. आठवडा आधी दिलं, बाद.

आता पिंजरा. छोटं मांजर किंवा पामेरेनियन असेल तर बऱ्याच कंपन्या बॅगेसकट ७-८ किलोपर्यंत केबिनमध्ये नेऊ देतात. बंड्या १८ किलोचा, म्हणजे खालच्या भागात. तिथे हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेलं असतं, हे त्याच्या आजीला पटवून द्यायला मला दोन दिवस लागले. पिंजरा आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या मापाचा हवा आणि ते माप कुत्र्यावरून काढायचं: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून पुढच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग. बंड्याचं नाक ते शेपूट ७२ सेंटिमीटर, कोपर ३० वर. ७२ अधिक १५, म्हणजे आतून ८७ लांब. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंत, आणि खाली अंथरलेल्या गादीची जाडी धरून. बंड्याचे कान ताठ, त्या दोन कानांपायी आम्हाला एक माप मोठा पिंजरा घ्यावा लागला. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना आणखी दहा टक्के मोठा लागतो. त्यातही अनेक कंपन्या त्यांना नाहीच म्हणतात, कारण गरमीत आणि ताणात त्यांना श्वास घेणं जड जातं.

पिंजरा दोन महिने आधी आणा. हॉलमध्ये दार उघडं ठेवून पडू द्या, जेवण त्यातच द्या. पहिले चार दिवस बंड्या त्याला वळसा घालून जायचा, पंधराव्या दिवशी दुपारची झोप तिथेच. गुंगीचं औषध देऊ नका. गुंगीतल्या प्राण्याचा रक्तदाब घसरू शकतो, धक्क्यात तोल सांभाळता येत नाही, आणि असा प्राणी विमान कंपनी चढवूनही घेत नाही. निघण्याआधी काही तास हलकं जेवण, पाण्याची वाटी दाराला आतून लटकवलेली, पण बाहेरून भरता येईल अशी. नवऱ्याचा न धुतलेला टी-शर्ट गादीखाली सारला.

म्युनिकला उतरल्यावर लाल मार्गाने कस्टमकडे जायचं, हिरव्या मार्गाने गुपचूप नाही. तिथल्या माणसाने स्कॅनर फिरवला, तोच 'पिप', कागदावर बोट ठेवून १५ आकडे वाचले, लसीची तारीख, रक्ताची तारीख, आकडा. सात-आठ मिनिटं. पाच महिन्यांच्या खटाटोपाला सात-आठ मिनिटं, मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

बाकी देशांचं थोडक्यात. ब्रिटनलाही भारतातून जाताना रक्त आणि तीन महिने लागतात, वर फीतकृमीचं औषध, आणि विमानाने येणारा कुत्रा साधारणपणे कार्गोतूनच. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप असलेला, भारतातल्या लसीचा सरकारी सहीचा फॉर्म, आणि ठरावीक विमानतळांवरच्या नोंदणीकृत केंद्रात आधी आरक्षण. रक्ताचा अहवाल नसेल तर तिथे २८ दिवस क्वारंटीन. जपानला दोन लसी, रक्त आणि मग १८० दिवस. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही, आधी एखाद्या मान्य देशात काही महिने काढावे लागतात आणि मग मेलबर्नजवळच्या सरकारी केंद्रात क्वारंटीन. २०१५ साली एका हॉलिवूड नटाने खाजगी विमानातून दोन छोटे टेरिअर न सांगता तिथे नेले, तेव्हा मंत्र्याने जाहीर सांगितलं: परत न्या, नाहीतर मारावे लागतील. कुत्रे मुकाट्याने परत गेले. पोपटांचं प्रकरणच वेगळं. घरात जो आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात असतो, तो पाळणंच मुळात वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे, परदेशी नेण्याची बातच सोडा.

परत यायचं असेल तर? भारतात येताना मुंबईच्या त्याच क्वारंटीन कार्यालयाचं ना-हरकत पत्र आधी घ्यावं लागतं. दोन वर्षं सलग बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाच्या नियमात दोन प्राणी आणता येतात. आणि भारतात जाऊन पुन्हा युरोपात यायचं असेल, तर रक्ताचा अहवाल निघण्याआधीच इथल्या डॉक्टरांकडून प्राण्याच्या युरोपीय पासपोर्टमध्ये नोंदवून घ्यावा. मग परतताना ते तीन महिने लागत नाहीत. तो अहवाल आयुष्यभर चालतो, अट एकच: लस कधीही, एका दिवसानेही, चुकता कामा नये. चुकली तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त.

बंड्याची पुढची लस ६ फेब्रुवारीच्या आत हवी. आम्ही डॉक्टरांची वेळ १५ जानेवारीची घेतली आहे.